क्रुइबेके ते श्रीहरिकोटा: प्रोबा उपग्रहांची पार्श्वभूमी

५ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी ४ वाजून ४ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी५९ उडालं आणि त्यानं युरोपचे दोन उपग्रह, मिळून सुमारे ५५० किलो, नेमक्या कक्षेत सोडले. आदल्या दिवशीचं उड्डाण उपग्रहाच्या प्रणोदन यंत्रणेतल्या एका शंकेमुळे ऐनवेळी थांबवलं होतं. आपल्याकडच्या बातम्या साहजिकच इस्रोच्या कामगिरीच्या आणि तिची व्यापारी शाखा असलेल्या न्यूस्पेस इंडियाला मिळालेल्या कंत्राटाच्या होत्या. त्या उपग्रहांच्या, म्हणजे प्रोबा-३ च्या, मागे असलेल्या कंपनीबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. त्या कंपनीचा पहिला उपग्रहही याच श्रीहरिकोट्याहून गेला होता. तोही पीएसएलव्हीनंच, त्याच्या तेवीस वर्षं आधी.

क्रुइबेके हे बेल्जियममधलं अँटवर्पजवळचं छोटं गाव. तिथे १९६९ मध्ये पॉल फेरहार्ट यांनी आपल्या नावाची ही कंपनी काढली. तिचा मूळ धंदा दुसऱ्यांसाठी नवी उत्पादनं आणि यंत्रं डिझाइन करून देण्याचा. अवकाशाशी संबंध पुढे आला, तोही युरोपीय अवकाश संस्थेच्या, म्हणजे ‘ईसा’च्या, लहानमोठ्या उपकरणांच्या कामांतून. अशी कंपनी अख्खा उपग्रह बांधायला लागली, याचं श्रेय तिच्या इंजिनिअरांना आहेच. पण माझ्या मते निम्मं श्रेय ईसाच्या हिशेबाच्या पद्धतीला द्यायला हवं.

ईसाचा नियम असा की, सदस्य देश जितके पैसे घालेल, त्या प्रमाणात कंत्राटं त्या देशातल्या उद्योगांना परत मिळायला हवीत. जर्मनी-फ्रान्ससारख्या देशांना हे सोयीचं, कारण मोठे उपग्रह पूर्ण बांधणाऱ्या कंपन्या त्यांच्याकडे आहेत. एक-सव्वा कोटी वस्तीच्या बेल्जियमच्या वाट्याला मात्र दुसऱ्याच्या उपग्रहातला एखादा कप्पा किंवा एखादं सर्किट यायचं. यातून बाहेर पडायचं तर उपग्रह इतका लहान हवा की एका छोट्या देशाच्या पैशांत तो पूर्ण व्हावा. ईसाचा तंत्रज्ञान विकासाचा एक ऐच्छिक कार्यक्रम आहे. ज्याला रस असेल त्यानं त्यात पैसे घालावेत. बेल्जियमनं त्यात पुढाकार घेतला आणि प्रोबा या लहान चाचणी-उपग्रहाचं मुख्य कंत्राट फेरहार्टला मिळालं.

प्रोबा-१ होता ९४ किलोचा, वॉशिंग मशीनएवढा. उद्देश होता उपग्रहाला स्वतःचं स्वतः करायला शिकवण्याचा. तोवर फोटो काढायचा असेल तर उपग्रह कधी, किती आणि कोणत्या बाजूला वळवायचा, हे सगळं जमिनीवर आखून त्याला आज्ञांची यादी पाठवावी लागे. प्रोबाला फक्त ठिकाणाचे अक्षांश, रेखांश आणि उंची सांगायची. आपण तिथून कधी जाणार, कसं वळायचं, कॅमेरा केव्हा सुरू करायचा, हे तो स्वतः ठरवी. दिशा कळायला तारे ओळखणारा कॅमेरा आणि जागा कळायला जीपीएस. जमिनीवरचं नियंत्रण बेल्जियममधल्याच रेदू केंद्रातून, तेही बरंचसं आपोआप चालणारं.

त्यावर बसवलेलं मुख्य उपकरण होतं ‘क्रिस’, ब्रिटनच्या सिरा कंपनीनं बनवलेलं. एकाच जागेवरून जाताना उपग्रह मागेपुढे झुकायचा आणि क्रिस त्या जागेची पाच वेगवेगळ्या कोनांतून, प्रकाशाच्या अनेक रंगपट्ट्यांत विभागलेली चित्रं घ्यायचं. पिकाचं पान वरून आणि तिरकं वेगळं दिसतं, त्यामुळे शेती, जंगलं, किनाऱ्याचं पाणी यांवर काम करणाऱ्यांना ते हवंहवंसं झालं. गंमत म्हणजे ही सगळी तंत्रज्ञानाच्या चाचणीची सजावट होती. विज्ञान हा जोडधंदा होता.

२२ ऑक्टोबर २००१ रोजी पीएसएलव्ही-सी३ नं तीन उपग्रह नेले: आपला ११०८ किलोचा टीईएस, जर्मनीचा ९२ किलोचा बर्ड आणि हा प्रोबा. पहिले दोन ५६८ किलोमीटर उंचीच्या वर्तुळाकार कक्षेत सोडायचे होते, प्रोबा मात्र थोड्या लांबट कक्षेत. एकाच उड्डाणात दोन वेगळ्या कक्षा, हे त्या काळी इस्रोसाठी साधं काम नव्हतं. परदेशी उपग्रह पैसे घेऊन नेण्याचा पीएसएलव्हीचा हा दुसराच प्रसंग. पहिला १९९९ मधला, कोरिया आणि जर्मनीच्या छोट्या उपग्रहांचा. क्रुइबेकेची कंपनी आणि श्रीहरिकोट्याचं रॉकेट, दोन्ही आपापल्या बाजारात नवखी होती.

प्रोबा-१ ची मोहीम दोन वर्षांची ठरली होती. वीस वर्षं उलटली तरी तो काम करत होता. प्रोबा-१ च्या उड्डाणानंतर चारच महिन्यांनी, १ मार्च २००२ रोजी, ईसानं एन्व्हिसॅट सोडला. आठ टनांहून जड, दहा उपकरणांचा, दोन अब्ज युरोंवर खर्च झालेला. त्यानं फार मोलाचं काम केलं, पाच वर्षांचं ठरलेलं आयुष्य दुपटीनं ओलांडलंही, पण एप्रिल २०१२ मध्ये तो एकाएकी गप्प झाला आणि दहाही उपकरणं एकाच वेळी गेली. लहान उपग्रह मोठ्यापेक्षा चांगला, असं यावरून म्हणता येणार नाही. प्रोबाला एन्व्हिसॅटचं काम कधीच जमलं नसतं. पण सगळी अंडी एका टोपलीत ठेवण्याबद्दल युरोपात विचार सुरू झाला, तेव्हा चालत असलेला छोटा उपग्रह हाताशी होता.

दरम्यान कंपनीचा मालक बदलला. ब्रिटिश संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेतून २००१ मध्ये किनेटिक नावाची कंपनी निघाली होती. तिनं २००५ मध्ये फेरहार्टचा उपग्रह बांधणारा भाग विकत घेतला आणि तो पुढे किनेटिक स्पेस म्हणून ओळखला जाऊ लागला. उत्पादनांच्या डिझाइनचा जुना धंदा फेरहार्ट नावानंच वेगळा राहिला. काम चालू होतं त्याच गावात.

प्रोबा-२ नोव्हेंबर २००९ मध्ये रशियातल्या प्लेसेत्स्कहून गेला आणि सूर्याकडे तोंड करून बसला. त्यावरची स्वॅप आणि लायरा ही उपकरणं बेल्जियमच्याच संस्थांच्या पुढाकारानं झालेली, माहितीचं काम ब्रुसेल्सच्या रॉयल वेधशाळेकडे.

खरी परीक्षा झाली ती प्रोबा-व्ही ची. फ्रान्सच्या स्पॉट-४ आणि स्पॉट-५ या उपग्रहांवर ‘व्हेजिटेशन’ नावाचं उपकरण होतं. १९९८ पासून ते जवळजवळ रोज पृथ्वीवरच्या हिरवळीची नोंद ठेवत होतं. दुष्काळाचे इशारे, पिकांचे अंदाज, वाळवंटाची हालचाल यांसाठी या नोंदींची मालिका अखंड राहणं महत्त्वाचं असतं. दोन वर्षांचा खंड पडला की आधीची आकडेवारी नंतरच्याशी जुळवता येत नाही. स्पॉट-५ थकत आला होता आणि नवा मोठा उपग्रह तयार व्हायला वेळ होता. मग तेच काम घनमीटरभर जागेत मावणाऱ्या, १४० किलोच्या उपग्रहात बसवायचं ठरलं. तीन छोट्या दुर्बिणी शेजारी शेजारी लावून २२५० किलोमीटर रुंदीचा पट्टा एका फेरीत टिपायची सोय केली. ७ मे २०१३ रोजी तो फ्रेंच गयानामधून व्हेगा रॉकेटनं गेला आणि मालिका तुटली नाही. चाचणीसाठी जन्मलेल्या कुटुंबातला हा पहिला नोकरदार उपग्रह. जाता जाता त्यानं विमानांचे स्थानसंदेश अवकाशातून पकडून दाखवले. तसं आधी कुणी केलं नव्हतं.

आता प्रोबा-३ कडे. सूर्याचं प्रभामंडल, म्हणजे त्याच्याभोवतीचं बाहेरचं वातावरण, मूळ तबकडीपेक्षा इतकं फिकं असतं की तबकडी झाकल्याशिवाय ते दिसत नाही. खग्रास ग्रहणात चंद्र हे काम करतो, पण मोजकी मिनिटं. दुर्बिणीतच झाकण लावलं तर त्याच्या कडेवरून प्रकाश वळून आत येतो. झाकण दुर्बिणीपासून जितकं दूर, तितका हा त्रास कमी. म्हणून झाकण एका उपग्रहावर आणि दुर्बीण दुसऱ्यावर. १.४ मीटर व्यासाची चकती सुमारे १५० मीटर पुढे राहून दुर्बिणीवर जेमतेम ८ सेंटिमीटरची सावली पाडते. सावली तिथेच ठेवायची तर दोन्ही उपग्रहांनी मिलिमीटरभराच्या अचूकतेनं जागा धरून राहायला हवं, तेही जमिनीवरून कुणी न सांगता. पृथ्वीजवळ गुरुत्वाकर्षणाची ओढाताण फार, म्हणून कक्षा ६०० ते ६०,५३० किलोमीटर अशी लांबट. दूरच्या टोकाला संथ चालताना सहा तास ग्रहण लावता येतं. मार्च २०२५ मध्ये ही जोडी जुळली आणि जूनमध्ये पहिली चित्रं आली. आपल्या आदित्य-एल१ वरचं व्हीईएलसी याच प्रभामंडलाकडे बघतं, पण एकाच यानातल्या झाकणानं. त्याच यानावरची पुण्याच्या आयुकाची सूट दुर्बीण बघते ती त्याच्या खालचे थर.

प्रोबा-३ ची मुख्य कंत्राटदार स्पेनची सेनर. दोन्ही यानांची जुळणी आणि त्यांचे संगणक क्रुइबेकेचे, दुर्बीण बेल्जियममधल्याच लीजच्या अवकाश केंद्राची. ते बांधले जात असतानाच मालक पुन्हा बदलला. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या रेडवायरनं किनेटिक स्पेस ३.२ कोटी युरोंना घेतली. ज्या कौशल्यावर बेल्जियमच्या करदात्यांनी अडीच दशकं पैसे लावले, ते एका मध्यम आकाराच्या गृहप्रकल्पाच्या किमतीत अटलांटिकपार गेलं, असं वाटू शकतं. पण गेली ती मालकी. ईसाची कंत्राटं तिथल्या कारखान्याला, तिथल्या माणसांना मिळतात, आणि ती मिळायची तर कारखाना बेल्जियममध्येच राहावा लागतो.

सध्या तिथलं मोठं काम आहे आल्टियस हा उपग्रह. क्षितिजाच्या कडेनं वातावरणाच्या थरांकडे बघून कोणत्या उंचीवर किती ओझोन आहे, हे तो मोजणार. ही मोजणी पूर्वी एन्व्हिसॅटवरची तीन उपकरणं करत असत. २०१२ मध्ये ती बंद पडल्यापासून युरोपकडे तिला पुरेसा पर्याय नाही. कल्पना बेल्जियमच्या अवकाश वातावरण संस्थेची, सांगाडा प्रोबाच्या घराण्यातला, आणि या वेळचं रॉकेट युरोपचं व्हेगा-सी. त्यातून फ्लेक्स या दुसऱ्या उपग्रहासोबत त्याला पाठवायचं ठरलं आहे.