आऊटपुट ट्रॅकची फेररचना

आऊटपुट ट्रॅकची फेररचना : संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये ध्वनी पुढे वाहून नेणाऱ्या ट्रॅकचा, म्हणजे वाद्य-प्लगइनचे (सॉफ्टवेअरमध्ये जोडलेल्या आभासी वाद्याचे) आऊटपुट, ग्रुप आणि बस (अनेक ट्रॅकचा ध्वनी एकत्र करणारे), ऑक्स (इफेक्टसारख्या कामासाठी वेगळा नेलेला ध्वनी घेणारे) आणि मास्टर (शेवटचे एकत्रित मिश्रण) यांचा क्रम बदलणे. या क्रियेत दोन निराळ्या गोष्टी एकत्र येतात. पहिली, मिक्सरच्या पडद्यावर कोणती पट्टी (एका ट्रॅकची नियंत्रणे असलेला उभा भाग) कोणाशेजारी दिसावी ही. दुसरी, कोणत्या ट्रॅकचा ध्वनी कितव्या क्रमांकाच्या आऊटपुटवर जावा ही. पहिलीने ऐकू येणाऱ्या ध्वनीत फरक पडत नाही, कारण मिश्रण ही अखेर बेरीज असते आणि ट्रॅक कोणत्याही क्रमाने मिळवले तरी उत्तर तेच येते. आकडेमोडीत शेवटच्या दशांशांचा फरक राहिलाच तर तो कानाला कळण्याच्या फार खाली असतो. दुसरीने मात्र ध्वनीचा मुक्कामच बदलतो.

फितीवरील ध्वनिमुद्रणाच्या काळात हा भेद जवळजवळ नव्हता. दोन इंच रुंदीच्या फितीवर २४ ट्रॅक असत आणि कोणते वाद्य कितव्या ट्रॅकवर घ्यायचे हे मुद्रणापूर्वीच ठरवून ट्रॅक शीटवर लिहून ठेवावे लागे. शेजारच्या ट्रॅकवर आवाज झिरपत असल्याने यंत्रे एकमेकांशी जुळवण्यासाठीचा वेळेचा संकेत सहसा अगदी कडेच्या २४व्या ट्रॅकवर ठेवत आणि २३वा शक्यतो मोकळा सोडत. मुद्रणानंतर ट्रॅकची जागा बदलायची तर ध्वनीची दुसरीकडे नक्कल करावी लागे आणि प्रत्येक नकलेबरोबर फितीची खरखर वाढे. मिक्सरवर वायर दुसऱ्या पट्टीत खोचता येई, पण तोही बदल हातानेच करायचा असे. मास्टर फेडर (एकूण आवाजाची पातळी ठरवणारी सरकती कळ) उजव्या टोकाला दाखवण्याची अनेक सॉफ्टवेअरमधील पद्धत या मिक्सरवरूनच आली. आज तिला सवयीपलीकडे कारण नाही.

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड अशा शहरांतील लहान स्टुडिओंत भक्तिगीते, भीमगीते आणि लोकगीते संगणकावरच मुद्रित होतात. तेथे फेररचनेची गरज कशी उद्भवते हे तुळजाभवानीच्या गोंधळाच्या मुद्रणावरून दिसेल. संबळीच्या दोन भांड्यांचे दोन माइक, तुणतुणे, झांज, मुख्य गोंधळी आणि साथीदारांचा कोरस हे ज्या क्रमाने मुद्रित झाले त्याच क्रमाने पट्ट्या उभ्या राहतात. त्यात भरीला बहु-आऊटपुट ताल-प्लगइन लावले की त्याची आठ किंवा सोळा आऊटपुटे आणखी येतात. हा क्रम मुद्रणासाठी सोयीचा असतो, मिश्रणासाठी क्वचितच असतो. म्हणून तालवाद्ये एका बाजूला, सूर देणारी वाद्ये त्यांच्यापुढे, मग गायन आणि कोरस, शेवटी इफेक्टचे ऑक्स आणि ग्रुप अशी मांडणी बहुतेक रेकॉर्डिस्ट पसंत करतात. संबळीचे दोन्ही ट्रॅक शेजारी आणि एकाच ग्रुपमध्ये असणे येथे महत्त्वाचे ठरते, कारण एकाचा फेडर हलला आणि दुसऱ्याचा राहिला की ठेक्याचा तोल लगेच जातो.

हे काम प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या तऱ्हेने करते. प्रो टूल्समध्ये ट्रॅकच्या यादीत नाव ओढले की मिक्सरमधील जागाही बदलते. क्यूबेसमध्ये मिक्सरचा क्रम मुख्यतः प्रोजेक्ट विंडोतील ट्रॅकच्या यादीवरून ठरतो. लॉजिकमध्ये प्लगइनची जादा आऊटपुटे ऑक्स म्हणून येतात आणि त्यांच्यासाठी ट्रॅक तयार करून ते मुख्य विंडोत आणल्यावरच ती मनासारखी हलवता येतात. नवख्यांची सर्वाधिक अडचण बहुधा येथेच होते. एबलटन लाइव्हमध्ये रिटर्न ट्रॅक (इफेक्टसाठी पाठवलेला ध्वनी घेणारा) ओढला की त्याचे अक्षर आणि प्रत्येक ट्रॅकवरील सेंडचे (तिकडे किती ध्वनी पाठवायचा हे ठरवणारे) बटण दोन्ही नव्या क्रमाने लागतात. एफएल स्टुडिओत निवडलेला मिक्सर ट्रॅक अल्ट आणि बाणाची कळ दाबून सरकतो.

या सर्व कृती पट्टीच्या जागेच्या आहेत. आऊटपुटचा क्रमांक हे प्रकरण वेगळे, आणि गफलती मुख्यतः त्यातच होतात. प्लगइनच्या आतील आऊटपुटांची यादी काम अर्धे झाल्यावर बदलली, तर मिक्सरमधील पट्टी जुन्या क्रमांकालाच जोडलेली राहू शकते आणि झांजेवर लावलेला इफेक्ट दुसऱ्याच वाद्यावर येऊन बसतो. ५.१ ध्वनीत (पाच मुख्य चॅनेल आणि एक खर्जाचा) तर क्रमाच्या निरनिराळ्या रूढी आहेत. चित्रपटांच्या पद्धतीत डावा, मधला, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा आणि शेवटी खर्जाचा चॅनेल असा क्रम येतो. प्रसारणाच्या आणि वेव्ह फाइलच्या प्रचलित पद्धतीत डावा, उजवा, मधला, खर्जाचा आणि मग मागचे दोन असा. एका क्रमाची फाइल दुसऱ्या क्रमाने वाजवली की मधल्या स्पीकरचे संवाद उजव्या बाजूने येऊ लागतात. पट्ट्या कितीही नीट लावल्या तरी हा दोष जात नाही. तो आऊटपुटांच्या जोडणीतच सुधारावा लागतो.

रंगमंचावर या क्रमाचा परिणाम उघड दिसतो. १४ एप्रिलच्या भीमजयंतीला किंवा गणेशोत्सवात लॅपटॉपवरील म्युझिक ट्रॅकवर गाणाऱ्या पार्ट्या ऑडिओ इंटरफेसच्या (संगणकाचा ध्वनी बाहेर पाठवणाऱ्या उपकरणाच्या) १-२ आऊटपुटवरून संगीत ध्वनिक्षेपकाकडे आणि ३-४ वरून क्लिक (लय सांभाळण्यासाठीची टिकटिक) ढोलकी किंवा पॅड वाजवणाऱ्याच्या हेडफोनकडे पाठवू शकतात. या जोड्यांची अदलाबदल झाली, तर मैदानभर क्लिकची टिकटिक ऐकू येते आणि संगीत एकट्या वादकाच्या कानात राहते. इंटरफेस बदलल्यावर सॉफ्टवेअर जुन्या जोडण्या गाळू शकते, म्हणून कार्यक्रमापूर्वी प्रत्येक आऊटपुट स्वतंत्रपणे वाजवून पाहावे लागते.

गाण्याचे मिश्रण दुसऱ्या शहरातील रेकॉर्डिस्टकडे सोपवायचे असेल, तर प्रत्येक ग्रुपची वेगळी फाइल, म्हणजे स्टेम, एकाच आरंभबिंदूपासून काढून देतात. अशा वेळी नावाआधी ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक घालतात. एक अंकी क्रमांक घातले, तर अक्षरक्रमाने लावणाऱ्या प्रणालीत १० क्रमांकाची फाइल २ च्या आधी येते आणि लावलेला क्रम पुन्हा विस्कटतो.