छडी गेली, मग हाती काय आलं?

पंतोजींच्या शाळेत दंगा करणाऱ्याला अंगठे धरून ओणवं उभं करत, नाहीतर कोंबडा करत. ‘छडी लागे छमछम’ हे आज गंमतीने म्हटलं जातं, पण छडीला सरकारी नियमांतही जागा होती. 1973 च्या दिल्ली शालेय शिक्षण नियमांत मापच ठरलेलं होतं: तळहातावर जास्तीत जास्त 10 छड्या. दिल्ली उच्च न्यायालयाने 2000 साली ही तरतूद रद्द केली. त्याआधी 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शारीरिक शिक्षा नाकारली होती खरी, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. कायद्याने बंदी आली ती शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मुळे, 1 एप्रिल 2010 पासून. त्यात मानसिक छळही आला. म्हणजे पोराला वर्गासमोर ‘ढ’ ठरवणंही कायद्यात बसत नाही. कलम 16 ने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून नाव काढून टाकण्याची वाटही बंद केली.

छडीशिवाय शिकवणारे आपल्याकडे आधीपासून होते. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर काढलं, पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तो विचार बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेला. पण ते मुख्यतः बालवाडीचं काम. पाचवी-सातवीच्या भरगच्च वर्गात सतत उठणाऱ्या, चिडवणाऱ्या पोराचं काय करायचं, याचं उत्तर दुसरीकडून आलं.

1968 साली अमेरिकेत पहिलीच्या वर्गावर एक प्रयोग झाला. 48 मुलं, दोन शिक्षिका. मुलं सारखी जागेवरून उठत. संशोधकांनी शिक्षिकांना ‘खाली बस’ जास्त वेळा म्हणायला सांगितलं, तर उभी राहणारी मुलं वाढली! बसलेल्यांचं कौतुक सुरू झालं, तेव्हा ती कमी झाली. ओरडा हेसुद्धा लक्षच असतं, आणि काही मुलांना तेच हवं असतं.

याच काळात वागण्याची तीन रकान्यांची नोंद रूढ झाली: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय झालं. शेजारी वेळ आणि विषय लिहायचा. आठ-दहा नोंदी झाल्या की बहुधा सूत्र दिसतं. समजा, फळ्यावर भागाकार मांडला, मुलाने शेजाऱ्याची वही ओढली, सरांनी त्याला बाहेर काढलं. हेच चार वेळा झालं, तर त्याला भागाकारातून सुटका मिळते आहे आणि ती आपणच देतो आहोत. अशा मुलाला बाहेर काढणं म्हणजे बक्षीसच. त्याला सोपी दोन गणितं आधी द्यावीत आणि ‘मदत हवी’ म्हणायची एखादी खूण शिकवावी.

लक्ष वेधण्यासाठी चाललेल्या वागण्याकडे दुर्लक्ष करताना शिक्षक फसतात ते इथे: सुरुवातीला ते वागणं वाढतं. तिसऱ्या दिवशी सर वैतागून ओरडतात, आणि जास्त ताणलं की लक्ष मिळतं, हे मूल शिकतं. वर्ग खिदळत असेल तर सरांच्या दुर्लक्षाचा उपयोगही नसतो, कारण बक्षीस बाकांवरून मिळत असतं. मारामारीकडे तर दुर्लक्ष करायचंच नाही. ती थांबवायची, कमी शब्दांत.

महाराष्ट्रात 2010 पासूनच सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे फक्त परीक्षेवर न थांबता वर्षभर मुलाची सर्व बाजूंनी पारख करणं, आलं आणि वर्णनात्मक नोंदी लिहिणं शिक्षकांच्या अंगवळणी पडलं. म्हणजे वही होतीच. पण नोंदी सत्राच्या शेवटी, तयार याद्यांवरून उतरवल्या जाऊ लागल्या: ‘वर्गात गोंधळ करतो’, ‘सूचना पाळत नाही’. यातून काहीच करता येत नाही. ‘तिसऱ्या तासाला, गटकार्य सुरू होताच, दोनदा बाकावर चढला, मुलं हसली’ असं त्याच दिवशी लिहिलं, तर उद्या त्याला कुठल्या गटात बसवायचं हे तरी ठरवता येतं.