फळाफुलांचा परफ्यूम रोजच्या वापरात कसा आला: एक पार्श्वभूमी

इंदूरच्या एखाद्या मॉलमधील परफ्यूमच्या काउंटरवर ‘रोज लावायला काहीतरी हलके दाखवा’ असे म्हटले, की विक्रेती बहुधा एकाच घराण्यातल्या बाटल्या पुढे करते. त्यांत सुरुवातीला नासपती, पीच, सफरचंद किंवा लिची, मग गुलाब-मोगऱ्याचा फुलोरा आणि शेवटी कस्तुरीसारखा मऊ वास येतो. या व्यवसायात त्या घराण्याला ‘फ्रुटी फ्लोरल’ म्हणतात. त्याला उथळ ठरवून बाजूला सारण्याची जाणकारांत पद्धतच पडली आहे. मला ती अन्यायाची वाटते, कारण या सुगंधाचे गुण आणि दोष दोन्ही त्याच्या इतिहासातून आलेले आहेत आणि तो ठाऊक असला तर बाटलीची पारख अधिक नेमकी होते.

माळव्याला सुगंधाचे शास्त्र नवे नाही. इंदूरहून जवळच असलेल्या उज्जैनच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर, म्हणजे सुगंधी मिश्रणे करण्याच्या कलेवर, स्वतंत्र अध्याय लिहिला आणि १६ द्रव्यांतून चार-चार निवडल्यास १,८२० मिश्रणे होतात, हे गणितही त्यात मांडले. मात्र त्या परंपरेची भिस्त वाळा, तगर, अगरू, चंदन, कापूर अशा मुळ्या, लाकडे आणि राळांवर होती. पुढे कनौजच्या देग-भपक्यातून, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या पारंपरिक भांड्यांतून, गुलाब, केवडा, मोगरा यांचे सुवास चंदनाच्या तेलात उतरवले गेले आणि मराठी घरांना अत्तर परिचयाचे झाले ते याच वळणाचे. त्याचे स्थान प्रसंगापुरते होते. लग्नातली अत्तरदाणी आणि गुलाबदाणी, हळदीकुंकवाला हाताला लावलेले अत्तर, दिवाळीच्या अभ्यंगाचे सुगंधी तेल आणि उटणे एवढा त्याचा पसारा, तर रोजचा सुगंध म्हणजे वेणीतला गजरा आणि फार तर टाल्कम पावडर. फळाचा वास अंगाला लावून कचेरीत जावे ही कल्पना बाहेरून आली.

ती तिकडेही उशिराच आली आणि त्याचे कारण रसायनात आहे. गुलाब किंवा वाळा यांच्यापासून ऊर्ध्वपातनाने तेल मिळते आणि लिंबूवर्गीय फळांच्या सालीतूनही ते पिळून काढता येते, पण पीच, सफरचंद, स्ट्रॉबेरी किंवा लिची यांच्या रसाळ गरातून परफ्यूमला उपयोगी पडेल असे तेल हाती लागत नाही. त्यामुळे परफ्यूममधले फळ जवळजवळ नेहमी प्रयोगशाळेत रचलेले असते. १८६८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्री पर्किन याने कूमरिन हे सुगंधी द्रव्य कृत्रिमरीत्या तयार केले, १८८२ च्या ‘फुजेर रॉयाल’ या परफ्यूममध्ये ते वापरले गेले आणि कृत्रिम द्रव्यांचे दार उघडले. विसाव्या शतकाच्या आरंभी पीचचा वास देणारा गॅमा-अन्डेकालॅक्टोन उपलब्ध झाला आणि सुगंधकार झाक गेर्लँ याने १९१९ च्या ‘मित्सुको’त त्याचा गाजलेला उपयोग केला. एडमों रुदनित्स्का याच्या १९४४ च्या ‘फाम’मध्ये प्लमची गडद छटा आली. तरीही या परफ्यूममधले फळ शेवाळाच्या आणि लाकडाच्या वासाखाली दडलेले होते. ते पुढे येऊन बोलत नव्हते.

वेशभूषाकाराच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ‘डिझायनर’ परफ्यूमची सुरुवातही याच काळातली. पॅरिसचा वेशभूषाकार पॉल पॉइरे याने १९११ मध्ये स्वतःचा परफ्यूमचा व्यवसाय काढला आणि १९२१ मध्ये गॅब्रिएल शनेलसाठी अर्नेस्ट बो याने ‘शनेल नंबर ५’ घडवला. पुढे बाटलीवरचे नाव शिंप्याचे आणि आतला अर्क सुगंधद्रव्यांच्या मोठ्या कंपनीचा, अशी वाटणी रूढ झाली. काही घराण्यांचे स्वतःचे सुगंधकार आहेत; बाकीच्यांत नावाचे मोल वेगळे आणि आतल्या मालाचे वेगळे, हे किंमत पाहताना विसरू नये.

रोजच्या वापराचा खरा प्रश्न मात्र १९८० च्या दशकाने उभा केला. १९८१ चा ‘जॉर्जिओ’ आणि १९८५ चा ‘पॉयझन’ हे परफ्यूम इतके दणदणीत होते, की अमेरिकेतल्या काही उपाहारगृहांनी तसले सुगंध लावून येणाऱ्यांना मनाई केली. त्याची प्रतिक्रिया म्हणून १९९४ च्या ‘सीके वन’सारखे स्वच्छ, पाणीदार सुगंध लोकप्रिय झाले. दुसरीकडे १९९२ च्या ‘एंजेल’ने एथिल माल्टॉल या कृत्रिम द्रव्याचा साखरेच्या पाकासारखा गोडवा बाजारात रुजवला. हलकेपणा एकीकडून आणि गोडी दुसरीकडून घेऊन आजचा फ्रुटी फ्लोरल घडला. सुगंधकार कॅलिस बेकर हिचा १९९९ चा ‘जादोर’, २००४ चा सफरचंदी ‘बी डिलिशियस’ आणि २००७ चा ‘डेझी’ ही त्याची ठळक रूपे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला त्रास होऊ नये, हा या घराण्याच्या जन्मामागचा एक हेतूच होता. म्हणून ‘दरवळत नाही’ ही त्याच्याविषयीची तक्रार मला अर्धवट वाटते.

इंदूरमध्ये पारख करताना हे सारे उपयोगी पडते. सफरचंद आणि नासपतीचा भास देणारी ‘एस्टर’ नावाची द्रव्ये हलकी असल्याने झपाट्याने उडतात, तर पीचचा वास देणारी ‘लॅक्टोन’ आणि गुलाब-प्लमसारख्या वासाची ‘डॅमॅस्कोन’ ही द्रव्ये जड असल्याने रेंगाळतात. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हा फरक आणखी वाढतो, म्हणून वातानुकूलित मॉलमध्ये कागदी पट्टीवर आवडलेले सफरचंद शहरातल्या राजवाडा भागापर्यंत पोहोचेलच असे नाही. उन्हाळ्यात रोज लावायचा असेल तर पहिल्या दहा मिनिटांचे फळ हिशेबात धरू नये आणि मधला फुलोरा आवडतो का, एवढेच पाहावे. फळ-फूल एकत्र येणे आपल्या नाकाला तसे परके नाही. हिरव्या चाफ्याला पिकल्या फळाचा वास येतो हे ज्यांनी लहानपणी अनुभवले आहे, त्यांना यातली बनावट गोडी लवकर ओळखू येते. माळव्याच्या गार रात्रींना जरा जास्त गोड बाटलीही शोभते.

टिकाऊपणाबद्दल लावणाऱ्याचे मत सर्वांत कमी भरवशाचे असते. शेवटी उरणाऱ्या कृत्रिम कस्तुरींचे रेणू मोठे असतात आणि त्यांपैकी काही अनेकांच्या नाकाला जाणवतच नाहीत. शिवाय सतत येणाऱ्या वासाला नाक सरावते. त्यामुळे सकाळी मनगटावर फवारून दुपारी घरातल्या किंवा कचेरीतल्या दुसऱ्या कुणाला विचारावे. बाटलीवर लिहिलेल्या ‘ओ द तॉयलेत’ (सौम्य) आणि ‘ओ द पार्फां’ (तीव्र) या प्रकारांतला फरकही केवळ तीव्रतेचा नसतो. एकाच नावाखाली दोघांची घडण पुष्कळदा निराळी असते, तेव्हा एक आवडला म्हणून दुसरा न हुंगता विकत घेऊ नये.