वादळवाऱ्यात परसातल्या कोंबड्यांची काळजी (कोकण)

कोकणात घरामागं पाच-दहा गावठी कोंबड्या असतातच, आणि मे-जूनला वादळ आलं किंवा आषाढात झड लागली की त्यांना कसं जगवायचं त्याची ही नोंद. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, घरांचे पत्रे गेले, माड-पोफळी आडव्या झाल्या, कित्येक गावांत पुढं बरेच दिवस लाईट नव्हती. मे २०२१ ला तौक्ते किनाऱ्याकिनाऱ्यानं गुजरातकडे गेलं. अशा वेळी सगळं लक्ष वाऱ्याकडं असतं, पण वारा एका दिवसात जातो, ओल मात्र मागं राहते आणि कोंबडीला खरा धोका ओलीचाच.

कोंबडीच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते, ते तेल ती चोचीनं पिसांना लावते, त्यामुळं एखादी सर अंगावर आली तरी निभावतं. पिल्लांचं तसं नाही, त्यांच्या अंगावर नुसती लव, ती भिजली की अंगाला चिकटते आणि पिल्लू गारठायला वेळ लागत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना साधारण ३५ अंश ऊब लागते, पुढं दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी चालते. गारठलेलं पिल्लू हातात घेतलं की पाय थंडगार लागतात, डोळे मिटलेले, मान टाकलेली, मेलं असंच वाटतं, पण टाकून देऊ नका. सुक्या फडक्यानं हलकं पुसायचं, टोपलीत कापड घालून त्यात ठेवायचं, लाईट नसेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी, आणि मान उचलून चिवचिवायला लागेपर्यंत चोचीत पाणी ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर अजिबात नको, तिच्या धुरानं कोंबड्याच काय माणसंही दगावतात.

वादळाची बातमी आली की आदल्या संध्याकाळीच कोंबड्या हलवायच्या. अंधारात त्यांना फारसं दिसत नाही म्हणून गुपचूप हातात येतात, दुपारी मागं लागलात तर सगळ्या आंब्यावर चढून बसतील. खुराडं माडाखाली किंवा जुन्या आंब्याखाली असेल तर त्यात ठेवूच नये, पडवीत नाहीतर पक्क्या गोठ्यात डालग्याखाली ठेवलेलं बरं. पत्र्यावर दगड ठेवायची सवय आहे आपल्याकडं पण जोराच्या वाऱ्यात तेच दगड आत पडतात, पत्रा तारेनं आवळून बांधा. ताडपत्री वाऱ्याच्या बाजूनं लावायची, दुसरीकडं वरच्या अंगाला हवा जायला जागा सोडायची, चारी बाजूंनी गुंडाळलं तर शिटेतल्या अमोनियानं डोळे चुरचुरतात, त्यांचेही आणि आपलेही.

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली असेल तर काही घरांत डालग्यात लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवतात, गडगडाटानं अंडी नासतात म्हणून. अंडी नासायचं खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं, कोंबडी आवाजाला घाबरून किंवा भिजून उठते, बराच वेळ परत बसत नाही आणि अंडी गार पडतात. २१ दिवसांचं काम आहे ते, त्यामुळं तिला आधीच आतल्या अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात हलवावं.

वादळानंतरचा आठवडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तेव्हाच माणूस घर आवरण्यात गुंतलेला असतो. ओलं तूस, ओला भुसा काढून टाका, जमीन सुकू द्या, चुना मारून नवं कोरडं तूस पसरा. ओल राहिली की रक्ती हगवण होते, शिटेत रक्त दिसतं, आणि लहान पिल्लं पटापट जातात. भिजलेला कोंडा, बुरशी धरलेल्या कण्या वाळवून घालू नका, बुरशीचं विष वाळवून जात नाही. तुटलेली जाळी त्याच दिवशी बांधा, नाहीतर मुंगूस आत.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस मात्र पावसाआधीच झालेली पाहिजे, पिल्लांना पाच ते सात दिवसांची असताना लासोटा नावाची आणि आठ आठवड्यांची झाली की आर-टू-बी नावाची, आजारी पक्ष्याला लस देत नाहीत. कोंबड्या अचानक भराभर मरायला लागल्या तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. वादळात मेलेल्या मात्र फोटो काढून, पंचनामा करून मगच चुना टाकून खोल पुरायच्या, कारण २०२२ पासूनच्या आपत्ती मदतीच्या निकषांत कोंबडीमागं १०० रुपये आहेत, एका कुटुंबाला जास्तीत जास्त १०,०००, आणि बायकांच्या हातातला हा पैसा असतो, तो सोडू नये.