आडेनाउअर श्टिफ्टुंग आणि मार्टेन्स सेंटर : नावं जवळची, व्यवहार वेगळे

युरोपातल्या मध्यममार्गी-उजव्या पक्षांची धोरणं कुठे शिजतात हे शोधायला गेलं, की दोन नावं हटकून समोर येतात. कोनराड आडेनाउअर श्टिफ्टुंग (श्टिफ्टुंग म्हणजे प्रतिष्ठान) आणि विल्फ्रिड मार्टेन्स सेंटर फॉर युरोपियन स्टडीज. दोन्ही संस्था ख्रिश्चन डेमोक्रॅट परंपरेतल्या, दोघींची कार्यालयं ब्रसेल्समध्ये, दोघी परिषदा भरवतात, अहवाल काढतात. त्यामुळे एकीचं मत सहज दुसरीच्या नावावर जातं. फरक ओळखायचा तर पैसा कुठून येतो आणि हिशोब कुणाला द्यावा लागतो एवढं आधी पाहावं. बाकीचं त्यातूनच उलगडतं.

आडेनाउअर श्टिफ्टुंग ही जर्मन संस्था, सीडीयू या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाच्या जवळची. तिचं मूळ १९५५ साली राजकीय शिक्षणासाठी काढलेल्या एका मंडळात आहे. पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर (सरकारप्रमुख) आडेनाउअर यांचं नाव तिला १९६४ मध्ये मिळालं. मुख्य कचेऱ्या बॉनजवळच्या सांक्ट ऑगुस्टिन इथे आणि बर्लिनमध्ये. कायद्यानं ती सभासदांची नोंदणीकृत संस्था आहे. व्याजावर चालावी अशी मोठी ठेव तिच्यापाशी नाही, म्हणून दरवर्षी सरकारी अंदाजपत्रकाकडे डोळे लावावे लागतात.

ही व्यवस्था न्यायालयीन निकालांतून घडत गेली. १९६६ साली जर्मनीच्या घटना न्यायालयानं पक्षांच्या राजकीय शिक्षणकार्याला सरकारी तिजोरीतून पैसा देणं घटनाबाह्य ठरवलं. मग हे काम पक्षाबाहेरच्या संस्थांकडे गेलं आणि त्यांना थेट अनुदान सुरू झालं. ग्रीन पक्षानं त्याला आव्हान दिलं. १९८६ मध्ये न्यायालयानं अनुदान वैध मानलं, पण अट घातली : संस्था पक्षापासून खरोखर वेगळी हवी, कारभार स्वतंत्र हवा. पक्षाच्या निवडणूक प्रचारात तिनं हात घालायचा नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत आणखी एक निकाल आला. एएफडी या कडव्या उजव्या पक्षाच्या जवळच्या संस्थेला कायद्याचा आधार नसताना अनुदानातून वगळणं चुकीचं ठरलं, आणि त्याच वर्षअखेर संसदेला या अनुदानासाठी वेगळा कायदा करावा लागला. आता संबंधित पक्ष सलग तिसऱ्यांदा संसदीय गट बनवण्याइतक्या संख्याबळानं बुंडेस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, असावा लागतो आणि संस्थेची लोकशाही घटनाव्यवस्थेशी बांधिलकी लागते. आमच्या मते हा कायदा फार आधी व्हायला हवा होता; इतका सार्वजनिक पैसा इतकी वर्षं केवळ अंदाजपत्रकातल्या नोंदीवर वाटला जाणं योग्य नव्हतं.

रक्कम लहान नाही. अलीकडच्या वर्षांत आडेनाउअर श्टिफ्टुंगचा वार्षिक व्यवहार २० कोटी युरोंच्या वर गेला आहे आणि त्यातला बहुतेक पैसा सरकारी आहे. तो वेगवेगळ्या खात्यांकडून येतो. देशातली शिबिरं आणि कार्यालयांचा खर्च गृहखात्याच्या अनुदानातून, परदेशातले प्रकल्प मुख्यतः विकास सहकार्य खात्याकडून, शिष्यवृत्त्या शिक्षणाच्या निधीतून. म्हणूनच जगभर तिची शंभरएक कार्यालयं आहेत, नवी दिल्लीतही आहे.

परदेशी कार्यालयांना धोकाही असतो, कारण यजमान सरकारला ती पक्षाची हस्तक वाटू शकतात. २०११ च्या डिसेंबरमध्ये कैरोतल्या कार्यालयावर छापा पडला. २०१३ मध्ये तिथल्या प्रमुखाला पाच वर्षांची आणि एका सहकारी महिलेला दोन वर्षांची शिक्षा झाली. निर्दोष सुटका व्हायला २०१८ चा डिसेंबर उजाडला.

मार्टेन्स सेंटरचा मालमसाला अगदी वेगळा. ती कुठल्या एका देशाची संस्था नाही. युरोपियन पीपल्स पार्टी या युरोपीय पातळीवरच्या पक्षाची ती अधिकृत विचारसंस्था आहे. स्थापना २००७ ची, कारण युरोपीय पक्षांना संलग्न संस्था काढून त्यांच्यासाठी अनुदान घेण्याची मुभा त्याच वर्षी मिळाली. बेल्जियमचे माजी पंतप्रधान आणि १९९० पासून पक्षाचे अध्यक्ष असलेले विल्फ्रिड मार्टेन्स २०१३ मध्ये वारले, आणि पुढच्या वर्षी संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं.

इथे पैसा येतो युरोपीय संसदेच्या अंदाजपत्रकातून. अशा सगळ्या संस्थांसाठीच्या रकमेतला १० टक्के भाग समान वाटतात, उरलेला ९० टक्के संबंधित पक्षाच्या युरोपीय संसदेतल्या खासदारांच्या संख्येप्रमाणे. नियमांच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर मान्य खर्चाच्या जास्तीत जास्त ९५ टक्के अनुदान मिळतं. उरलेले ५ टक्के सभासद संस्थांची वर्गणी आणि देणग्या यांतून उभे करायचे. ते उभे राहिले नाहीत तर नुसती तूट पडत नाही, अनुदानही त्या प्रमाणात कमी होतं. एका देणगीदाराकडून वर्षाला १८,००० युरोंपेक्षा जास्त घेता येत नाहीत. आणि हा पैसा निवडणुकीला, पक्षाला, उमेदवाराला किंवा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

शेवटची अट नीट लक्षात घ्यावी. आडेनाउअर श्टिफ्टुंग ही मार्टेन्स सेंटरची सभासद आहे; बव्हेरियातल्या सीएसयू या सीडीयूच्या मित्रपक्षाच्या जवळची हान्स झायडेल श्टिफ्टुंगही आहे. म्हणून एकीला दुसरीची शाखा समजलं जातं. पण ब्रसेल्सहून सांक्ट ऑगुस्टिनला अनुदान वळवता येत नाही. संयुक्त परिषद असली तरी कुणाचा कुठला खर्च हे वेगळं दाखवावं लागतं.

उद्धृत करताना अहवालाचं श्रेयपान उघडावं. मार्टेन्स सेंटरच्या प्रकाशनात तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं की यातली माहिती आणि मतं यांची जबाबदारी सेंटर, त्याच्या सभासद संस्था किंवा युरोपीय संसद घेत नाही. म्हणजे ‘युरोपियन पीपल्स पार्टीची भूमिका’ असं लिहिणं चूकच. मत त्या लेखकाचं. पक्षाची भूमिका हवी असेल तर पक्षाच्या अधिवेशनाचे ठराव पाहावेत. युरोपीय संसदेतला त्याच नावाचा गट आणि पक्ष हेही दोन वेगळे घटक आहेत, आणि सेंटर पक्षाशी संलग्न आहे.

जुन्या माहितीवरही विसंबू नये. स्पेनमधली फाएस ही माजी पंतप्रधान अझ्नार यांच्या नेतृत्वाखालची संस्था वर्षानुवर्षं पार्तिदो पॉप्युलार या तिथल्या मध्यममार्गी-उजव्या पक्षाची म्हणून ओळखली गेली; २०१६ अखेर ती पक्षापासून वेगळी झाली. रॉबेर शूमान या नावाच्या तर अनेक संस्था आहेत : बुडापेस्टमधली मध्य आणि पूर्व युरोपातल्या तरुण राजकीय कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देणारी, पॅरिसमधली १९९१ पासूनची संशोधन संस्था, आणि फ्लोरेन्समधलं विद्यापीठीय केंद्र, ज्याचा कुठल्याही पक्षाशी संबंध नाही.

पुण्या-मुंबईत जर्मन शिकून जर्मनीत पदव्युत्तर शिक्षणाला जाणाऱ्यांनी यातली आडेनाउअर श्टिफ्टुंग ध्यानात ठेवावी. परदेशी विद्यार्थ्यांसाठी तिच्या शिष्यवृत्त्या आहेत. वय साधारण ३० पर्यंत, पहिली पदवी, बी२ (मध्यमाहून वरच्या) पातळीचं जर्मन आणि सामाजिक कामाचा पुरावा लागतो. नुसत्या गुणपत्रिकेवर अर्ज पुढे सरकत नाही. मार्टेन्स सेंटरकडे अशी योजना शोधू नये. तिथे प्रशिक्षणार्थी म्हणून काम करता येतं, संशोधनाचं काम मिळू शकतं, पण पदवीचा खर्च कुणी देत नाही.