असर्ट म्हणजे नेमकी कोणती कड? सिरियल पोर्टवरच्या सेकंदाच्या पल्सची पार्श्वभूमी

जिनिंगच्या वजनकाट्याची नऊ पिनांची केबल ज्यानं एकदा तरी सोल्डर केली त्याला सिरियल पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरचं जुनं नऊ पिनांचं पोर्ट, सांगायची गरज नाही. कॉम्प्युटरचं घड्याळ नेमकं लावायला जीपीएस मॉड्यूलची दर सेकंदाची पल्स त्याच्या डीसीडी पिनवर द्यायची, हेही बहुतेकांना माहीत आहे. पल्सला दोन कडा, व्होल्ट वर जाते ती चढती अन् खाली येते ती उतरती. गोंधळ आहे तो यातली कोणती धरायची या उलट-सुलटचा, आणि तो लय जुना आहे.

डीसीडी ही मुळात मोडेमची लाईन, फोनवर कॅरियर, म्हणजे पलीकडच्या मोडेमचा सूर, आहे का एवढंच सांगणारी. १९६९ च्या आरएस-२३२-सी या सिरियल पोर्टच्या मानकात डेटाच्या लाईनवर मायनस व्होल्ट म्हणजे १, पण कंट्रोलच्या लाईनवर प्लस व्होल्ट म्हणजे चालू. एकाच केबलीत दोन रीती. मोडेमच्या काळात याचा कोणाला त्रास नव्हता, कॅरियर शंभर मिलिसेकंद उशिरा दिसला तर कोणाचं काय जाते.

त्रास सुरू झाला लोकांनी त्याच पिनवरून घड्याळ लावायला घेतल्यावर. १९९४ च्या आरएफसी १५८९ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटवाल्यांचे तांत्रिक दस्तऐवज) पल्स थेट कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, धरायची पद्धत मांडली गेली, पण तेव्हा प्रत्येक युनिक्सची सोय आपापली होती. मग मार्च २००० मध्ये आरएफसी २७८३ आला आणि असर्ट न् क्लिअर हे दोन शब्द पक्के झाले. पल्सची ‘खरी’ अवस्था सुरू होते तो असर्ट, संपते तो क्लिअर. आता खरी म्हणजे प्लस की मायनस? ते कक्षेबाहेर ठेवलं. लागू मानकाला धरून असावं आणि बनवणाऱ्यानं लिहून ठेवावं, बस. याची बाजू घेणारे म्हणतात की पल्स काही फक्त सिरियलवरूनच येत नाही, मग व्होल्ट कसे लिहिणार. मान्य. पण सिरियलपुरती एक सरळ ओळ काऊन नाही लिहिली? पंचवीस वर्षं झाली, लोकं अजून तेच विचारून राह्यले.

कारण खरी मेख मॅक्स२३२ मध्ये आहे, म्हणजे मॉड्यूलचे ५ व्होल्ट पोर्टच्या प्लस-मायनस व्होल्टात बदलणाऱ्या चिपमध्ये. तो चिप सिग्नल उलटवतो. डेटासाठी ते बरोबरच आहे, कारण तिथं मायनस म्हणजेच १, पण त्याच चिपमधून पल्स नेली की मॉड्यूलची चढती कड, जी नेमकी सेकंदावर असते, ती पोर्टवर उतरती होऊन जाते, म्हणजे क्लिअर, आणि असर्ट येतो पल्स संपल्यावर. पल्स १०० मिलिसेकंदाची असली तर घड्याळ तेवढंच मागं. गंमत अशी की ज्यांनी आळस करून चिप न लावता मॉड्यूलची ५ व्होल्टची तार सरळ पिनला जोडली (मानकात न बसणारं काम, पण बऱ्याच पोर्टवर चालते) त्यांचं बरोबर निघालं.

आमच्या इकडं लाईट गेली की थोड्या वेळात मोबाईलचा टॉवरही जाते, नेट बंद, म्हणून मी जीपीएसच्या भरवशावर होतो, अँटेना टिनावर. जिटर, म्हणजे पल्सच्या वेळेतली डगमग, दोन-चार मायक्रोसेकंद, मी खूश. चुकीची कडही तितकीच ठाम येते ना, डगमगत नाही, आणि नेट नसल्यावर तू चुकला म्हणणारा दुसरा सर्व्हरच नाही. शेवटी मीटर लावला, काळी प्रोब पाच नंबरच्या पिनवर (ग्राउंड), लाल एकवर (डीसीडी). काटा प्लस आठच्या आसपास बसलेला आणि सेकंदाला एकदा खाली झटका. लाईन सदानकदा चालू अन् पल्सपुरती बंद, म्हणजे उलटीच.

आरएफसी २७८३ नंतरच्या प्रोग्राममध्ये सगळीकडं हीच कड बदलायची ठिगळं दिसतात. एनटीपीडी न् क्रोनी हे घड्याळ लावणारे प्रोग्राम: एनटीपीडीच्या पीपीएस (सेकंदाच्या पल्सच्या) ड्रायव्हरला फ्लॅग २, क्रोनीत डिव्हाइसच्या नावापुढं क्लिअर लिहायची सोय. फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या सिरियल ड्रायव्हरमध्ये पल्स उलटवायचा बिट. बहुतेक नव्या मदरबोर्डवर हे पोर्टच नसते, यूएसबीच्या कन्व्हर्टरमध्ये पोलिंगमुळं मिलिसेकंदाचा घोळ वेगळा, म्हणून लोकं रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या पिनांकडं वळले. तिथं ना मॅक्स२३२ ना मायनस व्होल्ट, तरी पल्सच्या सेटिंगमध्ये एक पर्याय आहेच: ‘असर्ट फॉलिंग एज’, म्हणजे उतरती कड असर्ट धर.