पार्श्वभूमी: युनिव्हर्सल रिमोटची स्मृती सर्व्हरवर कशी गेली

टिकाऊ युनिव्हर्सल रिमोट, म्हणजे घरातली अनेक उपकरणं चालवणारा एकच रिमोट, कोणता, असं विचारलं की उत्तरं बहुतेक करून बटणांबद्दल आणि प्लास्टिकबद्दल येतात. पण गेल्या काही वर्षांत ज्या उपकरणांवरून सर्वांत मोठा आरडाओरडा झाला, त्यांचं ना बटण निखळलं होतं ना कवच फुटलं होतं. गेली होती ती त्यांची स्मृती, किंवा त्या स्मृतीपर्यंत जाणारी वाट.

अगदी सुरुवातीचा काळ थोडक्यात आटोपता येतो. 1950 मध्ये वायरचा रिमोट आला, 1955 मध्ये प्रकाशझोताचा, आणि 1956 मध्ये अल्ट्रासाउंडवर चालणारा. या शेवटच्यात सेलच नव्हते. बटण दाबलं की छोटी हातोडी अॅल्युमिनियमच्या दांडीवर आपटायची आणि कानाला ऐकू न येणारा आवाज टीव्ही ओळखायचा. हे तंत्र जवळपास पाव शतक चाललं. निव्वळ टिकाऊपणात त्याला नंतर कोणी मागे टाकलं असेल, असं वाटत नाही.

1980 च्या दशकात इन्फ्रारेडने बाजी मारली आणि खरा गुंता तिथून सुरू झाला. प्रत्येक मोठ्या उत्पादकाने स्वतःची कोडपद्धत काढली. युरोपातल्या एका प्रचलित पद्धतीत 36 किलोहर्ट्झच्या लहरीवर 14 बिटांचा संदेश जातो. एका जपानी पद्धतीत 38 किलोहर्ट्झवर आधी 9 मिलिसेकंदांचा लांब ठोका, मग साडेचार मिलिसेकंद शांतता आणि त्यापाठोपाठ 32 बिट असतात. तिसरीत 40 किलोहर्ट्झ. एका उंची ऑडिओ ब्रँडने तर 455 किलोहर्ट्झ निवडले. पुढे आलेल्या, दुसऱ्या रिमोटचे संदेश शिकून घेणाऱ्या साध्या रिमोटांना ती भाषा कळतच नसे.

1985 च्या सुमारास ‘शिकणारे’ रिमोट बाजारात आले. मूळ रिमोट समोरासमोर धरायचा, एकेक बटण दाबायचं आणि संदेश नोंदवून घ्यायचा. 1987 मध्ये संगणकाच्या दुनियेत नाव कमावलेल्या एका अभियंत्याने घरच्या संगणकाला जोडता येणारा रिमोट आणला, पण तो फारसा चालला नाही. त्या काळच्या बऱ्याच रिमोटांत सगळी शिकवणी बॅटरीच्या जोरावर टिकून असे. सेल बदलायला काही मिनिटांपेक्षा जास्त लागली की पाटी कोरी. पुढे वीज गेली तरी न पुसणाऱ्या चिप स्वस्त झाल्या आणि ही कटकट मिटली. कारखान्यातच कोडांची यादी भरून देण्याची पद्धतही रुळली; माहितीपुस्तिकेतला आकडा दाबायचा की झालं. अडचण एवढीच, की ती यादी रिमोट बनला त्या दिवशी गोठलेली असायची. नंतर आलेला टीव्ही त्यात कुठून असणार?

पॉवर बटणाचं भिजत घोंगडंही याच काळातलं. टीव्ही चालू करायला आणि बंद करायला एकच संदेश पाठवायचा, ही बचत एकेकट्या रिमोटला शोभून दिसे. युनिव्हर्सल रिमोटने एका बटणात ‘चित्रपट बघायचाय’ ही अख्खी कृती बसवली, तेव्हा ती अंगाशी आली. टीव्ही आधीच चालू असला की तो बंद होतो, साउंडबार चालू होतो, आणि अंधाऱ्या पडद्यासमोर आवाज तेवढा येत राहतो. चालू आणि बंद यांचे वेगळे कोड कित्येक उपकरणांत असतात, पण सोबतच्या रिमोटवर त्यांची बटणं नसल्यामुळे ते कुठूनतरी मिळवावे लागतात. ‘कुठूनतरी’ म्हणजे कोणीतरी जमवलेल्या साठ्यातून.

हा साठा 2000 नंतर इंटरनेटवर गेला. रिमोट संगणकाला जोडायचा, आपल्याकडच्या उपकरणांची मॉडेल सांगायची, आणि कंपनीच्या सर्व्हरवरून तयार मांडणी, म्हणजे कोणत्या बटणाने कोणता कोड जावा ते, उतरवून घ्यायची. कोणतं उपकरण सध्या कोणत्या अवस्थेत आहे, याचा अंदाजही रिमोटच ठेवी. सोय निर्विवाद होती. लाखो उपकरणांचे कोड एका जागी आले, चुका दुरुस्त होत गेल्या, नवे टीव्ही यादीत येत राहिले. पण त्याबरोबर रिमोटचं आयुष्य कंपनीच्या मर्जीला बांधलं गेलं. याकडे तेव्हा फार कोणी लक्ष दिलं नाही.

ती गाठ 2017 च्या नोव्हेंबरमध्ये उघडी पडली. या क्षेत्रातल्या सर्वांत बड्या कंपनीने 2011 मध्ये एक छोटी डबी विकायला काढली होती. फोनवरून वाय-फायने हुकूम घ्यायचा आणि खोलीत इन्फ्रारेड फेकायचं, एवढंच तिचं काम. ग्राहकांना ईमेल गेले की 16 मार्च 2018 नंतर ही डबी चालणार नाही. दुरुस्ती मिळणार नाही एवढ्यावर ते थांबत नव्हतं. डबी चालणारच नव्हती. कारण दिलं ते जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपण्याचं. वॉरंटीत असलेल्यांना नवा हब, म्हणजे त्याच कामाची नवी डबी, फुकट, बाकीच्यांना 35 टक्के सूट.

कंपनीची बाजू अगदीच फोल नव्हती. मुदत संपलेल्या प्रमाणपत्रावर घरातल्या नेटवर्कमधलं उपकरण चालू ठेवणं धोक्याचंच. पण प्रमाणपत्राची मुदत काही अचानक संपत नाही. ती तारीख पहिल्या दिवसापासून ठरलेली असते. नूतनीकरण करायचं नाही आणि सगळं बळ नव्या हबमागे लावायचं, हा धंद्याचा निर्णय होता, आणि कंपनीने तो तसा मान्यही केला. ग्राहकांचा राग त्यावरच होता. फोनवरून टीव्हीचा आवाज वाढवायला दूरच्या सर्व्हरची परवानगी का लागावी, याला समाधानकारक उत्तर तेव्हाही नव्हतं. काही दिवसांतच कंपनी नमली आणि वॉरंटी असो वा नसो, सगळ्यांना नवा हब फुकट देण्याचं तिने जाहीर केलं. जुन्या डबीचं मरण मात्र टळलं नाही.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर 2018 मध्ये, नव्या हबच्या अपडेटने त्याला सर्व्हरशिवाय, घरातल्या घरात हुकूम देण्याचा अनधिकृत दुवा बंद केला. घरातली उपकरणं आपोआप चालवण्याची जुळणी स्वतः करणाऱ्यांची गाडी अडली. पुन्हा बोंबाबोंब झाली आणि दुवा परत सुरू करून देण्यात आला. एप्रिल 2021 मध्ये कंपनीने रिमोट बनवणंच थांबवल्याचं सांगितलं. ग्राहक वापरत आहेत तोवर साठा आणि सॉफ्टवेअर सांभाळण्याचं आश्वासन दिलं. या आश्वासनाला तारीख नाही. कोणाला त्यात दिलासा दिसतो, कोणाला टांगती तलवार. आधीचा अनुभव पाहता दुसऱ्या गटाचं म्हणणं मला जास्त पटतं.

दरम्यान युनिव्हर्सल रिमोटच्या पायाखालची जमीनही सरकली होती. टीव्हीला उपकरणं जोडणाऱ्या एचडीएमआय केबलच्या 2002 मधल्या पहिल्या मानकातच सीईसी होतं, म्हणजे एकाच केबलवरून उपकरणांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय. पण प्रत्येक ब्रँडने तिला वेगळं व्यापारी नाव दिलं आणि अंमलबजावणीही आपापल्या परीने केली, त्यामुळे ती जिथे चालते तिथे छान चालते, पण सगळीकडे चालत नाही. पुढे टीव्हीत खोचायच्या स्ट्रीमिंगच्या काड्या (स्टिक) ब्लूटूथवर गेल्या. त्यातल्या पुष्कळांना इन्फ्रारेडचा डोळाच नाही, म्हणून त्यांच्यापुढे नुसत्या इन्फ्रारेडचा रिमोट हात टेकतो.

हार्डवेअरची दुखणी मात्र जुनीच राहिली. जुना रिमोट उघडला की रबराच्या पट्टीखाली काळ्या कार्बनच्या गोळ्या आणि सर्किटवर रबरातून पाझरलेला तेलकट थर दिसतो. बटण जोरात दाबावं लागतं ते या थरामुळे. बहुतेक वेळा स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काम भागतं. गळलेल्या अल्कलाइन सेलने पट्ट्या खाल्ल्या तरी खरवडून काही वर्षं मिळतात. टचस्क्रीनच्या महागड्या रिमोटांत आतली रिचार्जेबल बॅटरी फुगली आणि त्या मापाची दुसरी मिळेनाशी झाली, तर तिथे हा इलाज नाही. सध्या बाजारात उरलेल्यांत सेलवर चालणारे, कोड शिकणारे आणि मांडणी स्वतःच्याच चिपमध्ये ठेवणारे साधे रिमोट आहेत. त्यांच्यावर पडदा नाही आणि अॅपही लागत नाही, त्यामुळे ते जुनाट वाटतात. पण एकदा कोड भरले की कोणाच्या सर्व्हरशी त्यांचा संबंध उरत नाही.